मेंढी प्यालीय, मी नाय

शेंद्रा
१६ मार्च २०२५, रविवार

अक्का,

व्हिडिओ तू बघितलाच असणार. आधी मामाच्या ग्रुपवर आला, मग चुलत्याच्या, आणि तिथून तुझ्या बजाजनगरला पोचायला त्याला काय वाळूजची बस लागत नाही. त्यात मी म्हणतोय, "मेंढी प्यालीय, मी नाय," आणि मागं सगळे हसतायत. ते वाक्य खरं आहे. मी किती सरळ उभा आहे तेवढं बघ. प्यालेला माणूस असा उभा राहतो का?

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे म्हणून पत्र लिहितोय. पोस्टातला माणूस म्हणाला, "अजून पत्र लिहितंय का कुणी?" म्हटलं, ज्याचा नंबर बंद असतो तो लिहितो. त्यानं तिकीट स्वतःच चिकटवून दिलं. चांगला माणूस आहे, जाफराबादकडचा. त्याच्या गावाला मी एकदा मिरची तोडायला गेलो होतो, पण ते जाऊ दे.

शुक्रवारी धुळवड होती. मी कडुबाची छोटा हत्ती घेऊन आबाकडं गेलो. कडुबा म्हणजे माझा मालक. त्याच्या गाडीतून मी शेंद्र्याच्या कंपन्यांच्या कँटीनला भाजी टाकतो. सात महिने झाले. एका जागी सात महिने मी आजवर टिकलो नव्हतो, हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. आबा आणि मायनं मेंढरं कंपनीच्या भिंतीमागं, काढलेल्या गव्हाच्या रानात बसवलीत. त्यातली एक मेंढी शेजारच्या ओल्या घासात घुसली आणि खाऊन खाऊन फुगली. पोट नगाऱ्यासारखं. श्वास चालंना.

आबाचा उपाय तुला माहीत आहे. गोडंतेल, हिंग आणि देशीचे दोन घोट. पाजली. उतार पडंना, म्हणून मेंढी गाडीत घातली आणि शहरात डॉक्टरकडं निघालो. केंब्रिज चौकात नाकाबंदी. दुपारचा पाऊण वाजला होता. सगळे रंगलेले, पोलिसाच्या हेल्मेटवर पण कुणीतरी गुलाबी पंजा उमटवलेला. एक मॅडम होत्या, छातीवर नाव रत्नमाला. मशीन पुढं केलं आणि म्हणाल्या, "फुंक."

फुंकलं. मशीन बोंबललं. ब्याण्णव. कायद्यानं तीसपर्यंत चालतं, अक्का, तीसच्या वर गुन्हा.

"किती घेतली?"

"मी नाय घेतली, मॅडम. मेंढीला पाजली."

"मग मेंढी प्यालीय."

"व्हय. मेंढी प्यालीय, मी नाय."

तेवढंच कुणीतरी मोबाइलवर घेतलं.

माझ्या हातावर, बाहीवर दारू सांडली होती. त्या वासानं मशीन वाजलं. मी ठाण्यात जबाब पण तसाच दिला. साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये माझं नाव घातलं तर पोळ्याच्या वेळचं, पिऊन गाडी चालवल्याचं जुनं प्रकरण निघालं. म्हणाले, "दुसऱ्यांदा सापडलास. या वेळी दंडावर सुटंलच असं नाही. दोन वर्षांपर्यंत आत जाशील." मी म्हटलं, रक्त घ्या. रत्नमाला मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "पिणारा रक्त नको म्हणून पाया पडतो." मग सरकारी दवाखान्यात नेऊन घेतलं. तोवर सव्वातीन वाजले होते.

आणि हे व्हिडिओत नाही म्हणून लिहितो. ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बांधलेल्या त्या मेंढीनं असा ढेकर दिला की आतला ठाणे अंमलदार बाहेर बघायला आला. एक, मग दुसरा. पोट उतरलं आणि उठून कुंडीतलं झाड खायला लागली. डॉक्टरची गरजच पडली नाही.

तू विश्वास ठेव म्हणत नाही. पण दुसऱ्याचं ऐकून ठरवू नको.

तुझा,
अंगद


शेंद्रा
२९ मार्च २०२५

अक्का,

उद्या पाडवा. ज्ञानेश्वरीला गाठी घेतली होती, पिवळी. पाठवायची कशी कळंना, मग मायनं खाल्ली. तुझ्या पोरीची गाठी तिच्या आजीनं खाल्ली एवढं तिला सांग.

मला वकील मिळाली. फुकटातली, म्हणजे सरकार देतं ती. कोर्टात एक खोली असते, तिथं अर्ज केला की मिळते. उमा मॅडम. पुंडलिकनगरला राहतात. बारीक आवाज, मोठा चष्मा, आणि समोरचा बोलत असला की कागदावर मांजरं काढतात. मी बोललो तेवढ्यात चार मांजरं झाली.

त्यांच्याकडं जायच्या आधी कोर्टाच्या फाटकातच एकानं धरलं मला. काळा कोट नव्हता, पण फायली होत्या. म्हणाला, "कलम एकशेपंच्याऐंशी, पिऊन गाडी चालवली ना? सोपं आहे. उभं राहायचं, गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा, चार वाजता घरी. सगळे तेच करतात."

"मी प्यालो नव्हतो पण."

"त्याचा काय संबंध?"

अक्का, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याचा काय संबंध.

दुसरी वेळ आहे हे त्याला सांगितलंच नव्हतं मी. उमा मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा कबूल केलंस तर दंड पंधरा हजार, नाहीतर कैद, नाहीतर दोन्ही. परवाना पण जाईल. तू ड्रायव्हर आहेस. आता सांग, काय झालं?"

मी हाताच्या वासाचं सांगितलं.

त्यांनी पाचवं मांजर अर्धं सोडलं. "अंगद, हाताच्या वासानं मशीन ब्याण्णव दाखवत नाही. तू एक तर प्यालास, नाहीतर काहीतरी लपवतोयस. प्याला असशील तर तसं सांग, शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलू. लपवत असशील तर मला दुसरी कामं आहेत."

मी बाहेर आलो. चहा प्यालो. दोन चहा. अदालत रोडला एक जण बाटलीतली जहाजं विकत बसला होता. त्याच्याशी बोलत बसलो, बाटलीत जहाज जातं कसं म्हणून. तो म्हणाला, आधी आडवं घालायचं, मग दोरी ओढून उभं करायचं. हे सगळं मी तुला का सांगतोय, तर पुढचं लिहायला नको वाटतंय.

आबाचे पुढचे दात गेलेत. तू शेवटची आलीस तेव्हा दोन होते, आता तेही नाहीत. मेंढीला औषध नळकांड्यानं द्यायचं असतं. बांबूचं नळकांडं जबड्याच्या कडेनं आत सरकवायचं आणि औषध आपल्या तोंडात धरून दुसऱ्या टोकानं फुंकायचं. बाटली लावली तर मेंढी काच फोडते. आपल्यात आजोबापासून असंच. पण दात नसले की फुंक फिसकटते. आबानं तेल फुंकलं तर अर्धं मायच्या लुगड्यावर. माय म्हणाली, "म्हाताऱ्या, मेंढीला दे की, मला कशाला पाजतो." मग आबानं देशीची बाटली धरून माझ्याकडं बघितलं. त्यालाही माहीत आहे मी तुझ्या दारात काय बोललो होतो.

मी घेतली तोंडात. दोन वेळा. आणि नळकांड्यात फुंकली. तोंड धुवायला पाणी नव्हतं, घागर मेंढरांनी पालथी केली होती. तिथून चौकात पोचायला दहा-बारा मिनिटं.

ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणालो होतो, ओठाला लागू देणार नाही. ओठाला लागली, अक्का. म्हणून मी ठाण्यात खोटा जबाब दिला. पोलिसाच्या भीतीनं नाही. तो जबाब फिरत फिरत तुझ्यापर्यंत जाईल म्हणून.

परत आत जाऊन उमा मॅडमला सांगितलं. त्या एकदम ताठ बसल्या. म्हणाल्या, "अरे, हेच तर तुला वाचवणार आहे. तोंडात नुसती धरली तरी पंधरा-वीस मिनिटं मशीन फसतं. म्हणून थांबून, चूळ भरून दुसऱ्यांदा घ्यायचं असतं. पोटात गेली की नाही ते रक्त सांगेल. आणि रक्त तू दिलंयस." मग म्हणाल्या, "पण हे तुला कोर्टात उभं राहून, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आधी खोटं का सांगितलं ते पण."

म्हणून आधी तुला सांगितलं.

अंगद


शेंद्रा
१९ जून २०२५

अक्का,

उत्तराची वाट बघत नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू लहानपणी एकदा चुलतीशी अबोला धरला होतास तर तिची दोन बाळंतपणं झाली मधे.

आज पहिली तारीख होती. आमच्यासारखे बावीस जण, सगळे मशीनवाले. एकाचं लग्न परवा. एक बँकेतला, इस्त्रीचा शर्ट, सारखा घाम पुसत होता. नाव पुकारलं की पुढं जायचं. कारकून विचारतो, गुन्हा कबूल आहे का. कबूल. दंड. पुढचा. कबूल. दंड. रसवंतीत उसाची कांडी एकामागं एक घालतात तसं. वाईट नाही म्हणत मी. त्यातले बहुतेक प्यालेलेच होते. मी पण पोळ्याच्या वेळी असाच उभा राहिलो होतो आणि कबूल म्हणालो होतो. ते खरं होतं आणि दंड पण खरा होता.

माझं नाव आलं. "गुन्हा कबूल आहे का?"

"नाही."

कारकुनानं मान वर केली. मॅजिस्ट्रेट बाईंनी पण. मागं तो बँकेतला घाम पुसायचा थांबला. अक्का, मी आयुष्यात लई जागी "नाही" म्हणालोय. शाळेला, कंपनीला, नाशिकच्या टोमॅटोवाल्याला. सगळीकडं पळून जाण्यासाठी. हे पहिलं "नाही" जागेवर थांबण्यासाठी होतं.

पोलिसांनी ठेवून घेतलेला परवाना मात्र उमा मॅडमनं अर्ज करून सोडवून दिला. सध्या त्याचा उपयोग नाही, कारण कडुबानं कामावरून काढलंय. "निकाल लागू दे, मग बघू," म्हणाला. त्याचं बरोबर आहे. मी आबासोबत मेंढरांमागं हिंडतोय. पहिल्या पावसाच्या आत गंगापूरकडं निघायचं होतं, पण माझ्या तारखेसाठी आबानं मुक्काम वाढवला. मला तसं म्हणाला नाही. म्हणाला, "इथला पाला बरा हाय." पाला कसला, नुसती भिंत आहे.

आता जे लिहितो ते उमा मॅडमलाही सांगितलेलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय. आणि मला रात्रंदिवस एकच लागून राहिलंय. पहिला घोट मी लगेच फुंकला. दुसरा नाही. दुसरा तोंडात धरला. मेंढीनं मान फिरवली होती, तिला सरळ करेपर्यंत धरावा लागलाच, पण ती सरळ झाल्यावर पण मी धरून होतो. मोजलं तर दहा आकडे. दीड वर्षानं ती चव जिभेवर आली आणि जीभ म्हणाली, राहू दे की. आबा माझ्याकडं बघत होता. माय पण. मेंढी पण, खरं सांगायचं तर. आणि मग फुंकली. सगळी फुंकली असं मला वाटतं. पण दहा आकड्यात कडेनं थोडी गेली असंल का घशात? माहीत नाही. शपथ घेऊन सांगता येणार नाही, आणि शपथा घेणं मी बंद केलंय.

रिपोर्टात काय येतं ते कोर्टाच्या आधी मलाच बघायचंय.

अंगद


शेंद्रा
७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

आढळलं नाही.

हेच दोन शब्द. उमा मॅडमनं कागद समोर सरकवला आणि बोट ठेवलं. रक्ताच्या नमुन्यात अल्कोहोल आढळले नाही. मी तीनदा वाचलं. म्हटलं, थोडं पण नाही? म्हणाल्या, "थोडं पण नाही." म्हटलं, थोडं असतं तर दिसलं असतं का? म्हणाल्या, "अंगद, तुला निर्दोष सुटायचंय ना?"

मी तिथून निघालो तो अदालत रोडवरून पार क्रांती चौकापर्यंत चालत गेलो, आणि तिथून पुन्हा उलटा आलो कारण जायचं दुसरीकडं होतं. त्या जहाजवाल्याकडून एक जहाज घेतलं. आबाला दिलं. आबा म्हणाला, "ह्यात दारू होती का आधी?" म्हटलं, असंल. तर म्हणाला, "मग चांगलं झालं, आता जागाच नाय राहिली." आणि हसला. फिस्स करून. कंपनीच्या भिंतीला आवाज लागला एवढा हसला. पोळ्यापासून त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं. माय चुलीपुढून उठली आणि तिनं त्या फुगलेल्या मेंढीच्या, तिचं आता कोकरू पण झालंय, कपाळाला हळद लावली. मला नाही, मेंढीला.

दुसऱ्या दिवशी कडुबाच रानात आला, गाडी घेऊन. कुणी सांगितलं काय माहीत. चावी हातात दिली आणि म्हणाला, "कोबी वाट बघतोय." अजून निकाल लागायचाय म्हटलं, तर म्हणाला, "रक्तापेक्षा मोठा निकाल कुठला असतो?"

पण उमा मॅडम म्हणाल्या, गाफील राहू नको. सरकारी वकील म्हणणार, रक्त अडीच तासांनी घेतलं, तोवर उतरली. आणि पोळ्याचं उकरून काढणार. विचारलं तर खरं सांगायचं, लांबड लावायची नाही. मला लांबड लावायची सवय आहे असं त्या म्हणतात.

पोळ्याचं खरं काय, हे आधी तुला सांगितलं पाहिजे. सगळं कुणालाच सांगितलेलं नाही.

तुला वाटतं, मी प्यालेलो असताना दाजी माझ्या मागं गाडीवर बसले. बायकोपोरांचा विचार न करता बसले. तुझ्या दारात तू मला बोललीस, पण दाजींना पण बोललीस. पायाला प्लेट घातलेला माणूस खाटेवर पडलाय आणि तू म्हणत होतीस, "ह्याला अक्कल नव्हती, तुमची कुठं गेली होती?"

दाजींनी चावी मागितली होती, अक्का. दोनदा. "अंगद, गाडी मी चालवतो, तू मागं बस." मी दिली नाही. हात झटकला त्यांचा. म्हटलं, मी चाललो, यायचं तर या. मी एकटा गेलो तर मरंन म्हणून ते मागं बसले. मला सांभाळायला. वळणावर गाडी घसरली ती त्यांच्या पायावर. पोलिसाला त्यांनी म्हैस आडवी आली म्हणून सांगितलं. म्हैस नव्हती. मशीननं मला धरलं म्हणून पिण्याचा गुन्हा लागला, पण पायाचा लागला नाही, तो त्या म्हशीमुळं.

एवढा मोठा माणूस दोन वर्षं बायकोची बोलणी खात बसलाय आणि माझं नाव घेत नाही. कोर्ट मला सोडो नाहीतर धरो, पण ह्या एका बाबतीत दाजी सुटले पाहिजेत. तुझ्याकडून.

अंगद


शेंद्रा
१३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

अक्का,

काल तुझ्या घरी मला नीट बोलता आलं नाही. तोंडात घास होता आणि ज्ञानेश्वरी मांडीवर. शिवाय तू समोर होतीस. म्हणून कालचं सगळं लिहूनच सांगतो.

साक्षी महिनाभर आधी झाल्या होत्या. आधी रत्नमाला मॅडम पिंजऱ्यात आल्या. मला वाटलं, पोलीस पोलिसासारखं बोलणार. उमा मॅडमनं विचारलं, "चाचणीआधी किती वेळ थांबलात?"

"थांबलो नाही. रांग मोठी होती."

"चूळ भरायला दिली?"

"नाही."

"दुसऱ्यांदा चाचणी घेतली?"

"नाही. घ्यायला पाहिजे होती." कुणी विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाल्या, "रक्त घ्या म्हणून आरोपी स्वतः म्हणाला होता. अकरा वर्षांच्या नोकरीत असं म्हणणारा मी पहिला बघितला."

सरकारी वकिलांनी त्यांच्याकडं असं बघितलं की बाई, तुम्ही कुणाकडून आहात. त्या खरं बोलायच्या बाजूनं होत्या, एवढंच.

मग डॉक्टर. सरकारी वकील म्हणाले, अडीच तासांत उतरली असेल. डॉक्टर म्हणाले, "तासाला साधारण पंधरा-वीसनं उतरते. ब्याण्णव खरे असते तर त्या वेळी निदान चाळीस दिसायला हवे होते. एकदम शून्य होत नाही."

मग मी. नळकांड्याचं सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी दोनदा थांबवलं, समजलं नाही म्हणून. शेवटी उमा मॅडमची पेन्सिल तोंडाला लावून दाखवलं. बाकावरचे हसायला लागले तर बाई म्हणाल्या, "हसू नका, मला समजून घेऊ द्या."

सरकारी वकील उठले. "ठाण्यात तुम्ही हाताला वास होता असं सांगितलं. म्हणजे खोटं सांगितलं."

"व्हय."

"का?"

"बहिणीला शब्द दिला होता, ओठाला लावणार नाही म्हणून. लावली होती. लाज वाटली."

"आणि त्याआधी एकदा तुम्हाला शिक्षा झालीय. तेव्हाही मेंढीच प्याली होती का?"

ह्याला मात्र सगळं कोर्ट हसलं. हसून झालं तेव्हा म्हटलं, "नाय, साहेब. तेव्हा मी प्यालो होतो. माझ्यामुळं माझ्या दाजींचा पाय अधू झाला. ते मी कबूल केलं होतं, आजही करतो. केलेलं कबूल केलं म्हणून न केलेलं पण करावं का?"

उमा मॅडमनं मांजर काढायचं थांबवलं. लांबड लावली नाही मी, अक्का, ते पण लिहून ठेव.

आणि काल निकाल. बाई वाचत होत्या, मराठीतच वाचत होत्या, पण निम्मं कळत नव्हतं. "शंका", "प्रक्रिया", "रक्त नमुना" असलं काहीतरी. मी उमा मॅडमच्या तोंडाकडं बघत होतो. मग बाई म्हणाल्या, "निर्दोष मुक्त." हे कळलं.

मी वळलो तर शेवटच्या बाकावर दाजी. काखेत कुबडी. रिक्षानं आले होते, बजाजनगरहून, एकटे. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आलो तर आबा आधीच त्यांचा हात धरून उभा. आबाला रडताना पण दात नसल्यामुळं आवाज वेगळाच येतो. दाजी त्याला म्हणाले, "आबा, पुरे, लोकांना वाटंल पोराला फाशी झाली."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ते चावीचं कशाला लिहिलंस तिला?"

"खरं होतं म्हणून."

"नोव्हेंबरपासून माझ्या चहात साखर पडायला लागली. मला वाटलं, हिला काय झालं. विचारलं तर पत्र पुढं टाकलं. पाचही वेळा तू काय लिहितोस ते हिनं वाचायचं आणि पेटीत ठेवायचं, मी विचारेपर्यंत मला दाखवायचं नाही." चारच पत्रं होती म्हणालो तर म्हणाले, "तिनं एक दोनदा वाचलं असंल."

मी रिक्षा बोलवायला निघालो. त्यांनी कुबडी माझ्या छातीला टेकवली. "तुझ्याकडं गाडी हाय ना?"

"हाय."

"मग सोड की."

अक्का, मी दार उघडून धरलं. ते पुढं बसले, माझ्या शेजारी. पट्टा लावला, खटकन. मी गाडी चालू केली आणि आरसा नीट करत बसलो. दाजी समोर बघत म्हणाले, "निघायचं का, का इथंच जेवायचं?" निघालो. क्रांती चौक, बाबा पंप, पूल, छावणी, पुढं वाळूजचा रस्ता. तीसनं चालवली. मागून ट्रकवाले शिव्या देत होते. एक सायकलवाला पुढं गेला तेव्हा दाजी म्हणाले, "आता चालणारा गेला तर मी उतरून त्याच्याबरोबर जाईन." चाळीस केली. वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्याच्या गर्दीत मी दोन्ही बाजूला बघत होतो तर त्यांचा डोळा लागला होता. माझ्या शेजारी, मी चालवत असताना, दाजी झोपले होते. बाईंनी जे वाचून दाखवलं त्याचा कागद मला मिळंल महिनाभरात. हा निकाल मला तिथंच मिळाला.

बाकीचं तुला माहीतच आहे. तू गॅलरीत होतीस. दाजींना उतरवताना मी वर बघितलं नाही, धीर झाला नाही. मग तुझा आवाज आला.

"अंग्या, गाडी सावलीला लाव. जेवायला वेळ लागंल."

जवळजवळ अडीच वर्षांनी पहिलं वाक्य. मी गाडी सावलीला लावली, मग सावली पुरेशी आहे का म्हणून थोडी मागं घेतली, मग परत पुढं. ज्ञानेश्वरी खिडकीतून विचारत होती, हा कोण, गाडीशी काय खेळतोय. तू तिला मामा म्हणून सांगितलंस, ते मी ऐकलं.

लिहायचं ते एवढंच. निघताना दाजींनी जिन्यात थांबवलं. त्यांना वाळूजच्याच एका कंपनीत गेटवर बसून नोंदी करायचं काम मिळतंय, सोमवारपासून. रिक्षात चढता-उतरताना पाय दुखतो. म्हणाले, "भाजी टाकायच्या आधी मला टाकशील का?" म्हटलं, रोज? म्हणाले, "रोज."

कडुबाला विचारलंय. तो हो म्हणाला. शेंद्र्याहून तुमच्याकडं यायला पाऊण तास, म्हणजे मला पाचला उठावं लागंल. मी पाचला उठलेला तू कधी बघितला नाहीस. सोमवारी बघ. पावणेसातला खाली उभा असंन. एक मिनिट जरी उशीर झाला तर गॅलरीतून मोठ्यानं बोल, सगळ्या बजाजनगरला ऐकू जाईल असं बोल. तुझी बोलणी ऐकून लई दिवस झाले.

तुझा,
अंगद